उघडीप पडली म्हणून उतारावरचा बर्फ बसला असं नाही

हिमस्खलनाच्या भागात जाताना बीकन (गाडलेल्याचा माग देणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं लागतं हे तुम्हाला ठाऊक असेलच. गाडल्या गेलेल्या माणसाला दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढावं लागतं, खालून मदत येईपर्यंत वेळ नसतो. ही तीन नसतील तर घरी बसा. पुढचं सांगतोय ते सह्याद्रीत फिरून मग गुलमर्गला जाणाऱ्यांसाठी.

आपलं गणित पक्कं असतं: दोन दिवस ऊन पडलं की कातळ वाळतो, वाट सोपी होते. गुलमर्गच्या अफरवट डोंगरावर मी तेच धरून बसलो. जानेवारीत दणदणीत बर्फ पडला, मग तीन दिवस लख्ख आभाळ. उत्तरेकडच्या उतारावर आधीच्यांच्या स्कीच्या रेघा. म्हटलं, बर्फ बसून घट्ट झाला असणार. कडेच्या जेमतेम वीस अंशांच्या भागावर पोचलो आणि पायाखाली धप्प झालं, धान्याचं पोतं टाकल्यासारखं. समोर बारीक चीर सरसर धावत गेली. दहा पावलं पुढे पस्तीस अंशांचा, हिमस्खलन होऊ शकेल असा उतार होता.

सोबतच्या गाईडने खड्डा खणला, तळाचा बर्फ माझ्या हातमोज्यावर ठेवला. ‘नीचे चीनी है.’ दाबला तरी गोळा होईना, बोटांतून घरंगळला. धप्प झालं ते हाच थर खचल्यामुळे.

ही साखर बनते कशी, ते नीट समजून घ्या. हंगामाच्या सुरुवातीचा पातळ थर, त्यावर कोरड्या, निरभ्र रात्री. जमिनीलगत शून्याच्या आसपास, वर उणे १५. थर ५० सेंमीचा असेल तर दर १० सेंमीला ३ अंशांचा फरक. १ अंशाचाही पुरतो. खालची वाफ वर सरकते, कण कंगोरेदार आणि सुटे होतात. नवा बर्फ बहुतेकदा काही दिवसांत बसतो, ही साखर आठवडेच्या आठवडे तशीच राहते. म्हणजे पातळ बर्फावरची थंड उघडीप तिला मोडत नाही, घडवते! आणि त्या रेघांचं म्हणाल तर आधीचे दहा जण जाड थरावरून गेलेले असतात. अकरावा खडकाजवळ, पातळ जागी पाय देतो.

पण म्हणून नाद सोडू नका. ३० अंशांखालचे, डोक्यावर मोठा उतार नसलेले भाग निवडले तर हंगाम मजेत जातो. कोन मोजायला फोन आहेच. डीजीआरई या संरक्षण खात्याच्या संस्थेचं हिमस्खलनाचं बुलेटिन वाचा, पण ते जिल्ह्याचं असतं, तुमच्या उताराचं नाही. रीलसाठी उतार दाखवणारे गुरू मला नकोतच. ‘आज नको’ म्हणून खाली चहा पाजणारा गाईड परवडतो, दिवसाचे पैसे पूर्ण घेतो तरी.