झाडावर अळ्या पडल्यात? फवारा जरा बाजूला ठेवा

तगरीच्या झुडपाखाली मिऱ्यांएवढ्या गडद लेंड्या दिसल्या की मान वर करून पाहा. शेंड्याकडच्या फांद्या बोडक्या झालेल्या असतात, पण खाणारी मात्र सापडत नाही. ती तिथेच असते. बोटाएवढी जाड, हिरवीगार, देठाला चिकटून बसलेली. लेंड्या ओल्या आणि ताज्या असतील तर अळी बरोबर त्यांच्या वरच्याच फांदीवर असते. तरीही दिसली नाही तर रात्री टॉर्च घेऊन जा, कारण कित्येक अळ्या अंधारातच खायला बाहेर पडतात.

अळी सापडली की आधी तिचे पाय मोजा. पुढचे तीन जोड सोडून मागे मऊ, बुटके पाय असतात. ते पाच जोड किंवा त्याहून कमी असतील तर ती फुलपाखराची किंवा पतंगाची अळी. सहा किंवा जास्त जोड असतील तर ती करवत-माशीची अळी, आणि तिच्यावर पुढे सांगितलेलं बीटी (अळ्या मारणाऱ्या जिवाणूचं औषध) चालत नाही.

मग झाडाकडे बघा. मोठं, मुरलेलं झाड थोडी पानं गेली तरी नवी पालवी फोडतं. तिथे मी काहीच करत नाही. रोपटं किंवा नुकतं लावलेलं झुडूप असेल तर मात्र त्याच दिवशी हात घालावा लागतो. अळीच्या पाठीवर तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे कोष चिकटलेले दिसले तर तिला मारू नका. ते परजीवी गांधीलमाशीचे कोष आहेत. ही अळी आता फार दिवसांची सोबती नाही, आणि त्यातून निघणाऱ्या माश्या पुढच्या अळ्या शोधतील.

वेचणं हाच सगळ्यात खात्रीचा उपाय. बादलीत साबणाचं पाणी घ्या आणि अळ्या त्यात टाका. पानाची मागची बाजू उलटून बघा. अंड्यांचा पुंजका सापडला तर ते पान तोडलं की पुढची सगळी फौज गेली. गुंडाळलेली किंवा जाळीने चिकटवलेली पानं तशीच तोडा, उघडत बसू नका. लिंबाच्या रोपावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काही दिसलं तर नीट बघा, ती बहुधा फुलपाखराची लहान अळी असते. मोठी झाल्यावर हिरवी होते, आणि डिवचली की डोक्यामागून नारिंगी शिंगं काढून उग्र वास सोडते. घाबरू नका, चावत नाही.

केसाळ सुरवंटाची गोष्ट वेगळी. त्याला उघड्या हाताने शिवायचं नाही. हातमोजे किंवा चिमटा घ्या. केस टोचलेच तर चोळू नका, चिकटपट्टी लावून ओढा आणि साबणाने धुवा. आग वाढली, डोळ्यात केस गेला किंवा श्वासाला त्रास झाला तर डॉक्टरांकडे जा.

एवढं करूनही आवरत नसेल तरच फवारणी. एक लिटर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल, त्यात द्रवरूप साबणाचे काही थेंब. आधी दोन-चार पानांवर मारून एक दिवस थांबा, कोवळी पालवी कधी कधी करपते. दुसरा पर्याय बीटी, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जिवाणू. तो पानाबरोबर पोटात गेला तरच काम करतो, म्हणून पानाच्या दोन्ही बाजू भिजल्या पाहिजेत. अळी काही तासांत खाणं सोडते, पण मरायला दोन-तीन दिवस लागतात. लगेच मेली नाही म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा मारू नका. लहान अळ्यांवर तो चांगला लागू पडतो, मोठ्यांवर कमी. उन्हात त्याचा जोर लवकर ओसरतो, तेव्हा संध्याकाळीच मारा. फुलपाखरांसाठी मुद्दाम लावलेल्या झाडांवर मात्र नको. तो त्यांच्याही अळ्या मारतो.

खोडावर भुशाची, जाळीची तपकिरी पट्टी दिसली तर पानांवर फवारून उपयोग नाही. ती साल खाणारी अळी असते. दिवसा खोडातल्या भोकात लपते. पट्टी खरवडून काढा, भोकात बारीक तार खुपसून फिरवा, मग ओल्या मातीने बुजवा. आठवड्याने परत बघा. ताजा भुसा आला असेल तर तार पोचली नव्हती.