युरोव्हिजनच्या शहरांकडे निघण्यापूर्वी : कोपनहेगन, माल्मो, स्टॉकहोम

युरोव्हिजन या देशोदेशींच्या वार्षिक गीतस्पर्धेची अंतिम फेरी मे महिन्यातल्या शनिवारी तिकडच्या रात्री नऊ वाजता सुरू होते, तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटून रविवारचे साडेबारा वाजलेले असतात. जो रसिक घरातले सगळे झोपल्यावर एकटा बसून पहाटेपर्यंत गुणांची मोजणी पाहतो, त्याला कधी ना कधी ती शहरे डोळ्यांनी पाहावीशी वाटतातच. त्याच्यासाठी ही तयारी लिहितो आहे.

सर्वांत आधी एकच गोष्ट ठरवावी : प्रत्यक्ष स्पर्धेच्या आठवड्यात जायचे की इतर वेळी. स्पर्धेच्याच आठवड्यात जायचे असेल, तर यजमान शहराचे नाव जाहीर होताच रद्द करता येईल अशी खोली राखून ठेवावी आणि मगच तिकिटाच्या मागे लागावे, कारण नाव जाहीर झाल्यावर खोल्यांचे भाव चढायला वेळ लागत नाही. दोन उपांत्य फेऱ्या आणि एक अंतिम, या प्रत्येकीच्या आदल्या रात्री आणि त्याच दिवशी दुपारी प्रेक्षकांसमोर रंगीत तालीम होते, म्हणजे एकूण नऊ प्रयोग होतात. आदल्या रात्रीच्या तालमीत तीच गाणी, तीच रोषणाई आणि तोच रंगमंच असतो, फक्त खरा निकाल नसतो; त्यामुळे अंतिम फेरीचे तिकीट हुकले तरी या तालमीचे तिकीट आनंदाने घ्यावे.

पहिल्याच खेपेला मात्र गर्दीचा आठवडा टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. शांत दिवसांत डेन्मार्कमधले कोपनहेगन आणि स्वीडनमधली माल्मो व स्टॉकहोम ही एकाच रेल्वेमार्गावरची तीन शहरे आठवडाभरात नीट पाहून होतात.

या दोन्ही देशांसह युरोपातल्या अनेक देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, तरी उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर भेटीची वेळ मिळणे अवघड असते हे ध्यानात ठेवून घाई करावी. ज्या देशात अधिक रात्री मुक्काम, त्या देशाकडे अर्ज करावा लागतो; म्हणून कोपनहेगनला दोन आणि माल्मो-स्टॉकहोमला मिळून पाच रात्री असा बेत असेल, तर अर्ज स्वीडनकडे जातो. किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा सोबत जोडावा. खाऊच्या पिशवीत चिवडा, भाकरवडी खुशाल घ्यावी, पण तूप, पेढे घरीच ठेवावेत, कारण बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला युरोपीय संघात दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत. डेन्मार्क आणि स्वीडन या दोन्ही देशांत युरो नव्हे तर आपापला क्रोन चालतो. स्वीडनमध्ये तर रोख रक्कम नाकारणारी दुकाने जागोजागी भेटतात, म्हणून परदेशात चालणारी दोन कार्डे वेगवेगळ्या खिशांत ठेवावीत. मे महिन्यातही संध्याकाळी स्वेटर लागतोच.

कोपनहेगनला जाण्यापूर्वी १९६४चे विजेते गाणे ऐकून ठेवावे. ती स्पर्धा तिथल्या तिवोली बागेतल्या सभागृहात झाली आणि सोळा वर्षांची इटालियन गायिका जिल्योला चिंक्वेत्ती जिंकली. त्या कार्यक्रमाचे संपूर्ण चित्रण आज उपलब्ध नाही, त्यामुळे ते सभागृह पाहताना कानात असलेला आवाजच उपयोगी पडतो. तिवोली बाग वर्षभर उघडी नसते, तेव्हा तारखा आधी पाहाव्यात. २०१४ची स्पर्धा रेफ्शालेओयेन या बेटावरच्या जुन्या जहाजबांधणीच्या शेडमध्ये भरली होती. तिकडे बंदरातल्या प्रवासी बोटीने जावे.

माल्मोसाठी वेगळा दिवस काढण्याची गरज नाही, एखादी रात्र पुरते. कोपनहेगनहून निघालेली गाडी आधी समुद्राखालच्या बोगद्यात शिरते, मग एका कृत्रिम बेटावर वर येते आणि ओरेसुंड पुलाच्या खालच्या मजल्यावरून धावू लागते. त्या वेळी पोलादी तुळयांच्या तिरक्या चौकटींतून पाणी तुकड्या-तुकड्यांनी दिसत राहते, म्हणून खिडकीची जागा धरावी. पासपोर्ट सामानात खोल ठेवू नये. पूल ओलांडल्यावर येणाऱ्या हिली स्थानकावरच उतरावे, कारण २०१३ आणि २०२४ या दोन्ही स्पर्धा जिथे झाल्या ते माल्मो अरीना स्थानकाला लागूनच आहे. तिथून स्टॉकहोमचा प्रवास साधारण साडेचार तासांचा आहे आणि तिकीट जितके लवकर काढावे तितके स्वस्त पडते.

स्टॉकहोमला किमान तीन रात्री द्याव्यात. २००० आणि २०१६च्या स्पर्धा ज्या गोल पांढऱ्या ग्लोबन सभागृहात झाल्या, ते आता अविची अरीना या नावाने ओळखले जाते आणि मेट्रोने तिथे सहज जाता येते. खरा वेळ मात्र यूरगोर्डेन बेटावरच्या, ॲबा या स्वीडिश गायक-वादक चौकडीच्या संग्रहालयासाठी राखावा. विजेत्या देशाकडे पुढचे यजमानपद जाते, म्हणून ६ एप्रिल १९७४ रोजी इंग्लंडमधल्या ब्रायटनला जिंकलेल्या या चौघांमुळेच पुढच्या वर्षीची स्पर्धा स्टॉकहोमला आली. प्रवेशाची वेळ आधीच संकेतस्थळावरून राखून ठेवावी आणि सात क्रमांकाच्या ट्रामने किंवा स्लुसेनहून सुटणाऱ्या बोटीने जावे. आत एक लाल टेलिफोन ठेवलेला आहे, त्याचा क्रमांक फक्त त्या चौघांकडे आहे. तसेच एक पियानो आहे, जो त्या चौघांपैकी बेनी अँडरसन यांच्या स्टुडिओतल्या पियानोशी जोडलेला आहे. ते तिकडे वाजवायला बसले की इकडच्या पट्ट्या आपोआप खाली-वर होऊ लागतात. त्यासाठी तिकिटाची वेळ सकाळची घ्यावी आणि दुपारचे दुसरे काहीही ठरवू नये.