संशोधनाची बातमी आली की आधी मूळ पेपर शोधा, आणि तो असा वाचा

आमच्या नात्यातल्या एका आजारी माणसाला कोणीतरी लिंक पाठवली होती, कॅन्सरवर औषध सापडलं म्हणून, आणि ते दोन दिवस इतके खुशीत होते की जेवणसुद्धा नीट करायला लागले होते. मी मूळ पेपर, म्हणजे संशोधकांनी स्वतः लिहिलेला शोधनिबंध, उघडला तर काम उंदरांवरचं होतं. काम चांगलंच होतं, त्यात खोटं काहीच नव्हतं, पण ते माणसांपर्यंत पोचायला, पोचलंच तर, कित्येक वर्षं लागणार होती, आणि हे त्यांना सांगायची पाळी माझ्यावर आली. तेव्हापासून मी कुठलीही "शास्त्रज्ञांनी शोधलं" वाली बातमी पुढे पाठवायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं काढते. त्या वीस मिनिटांत काय बघायचं ते इथे लिहितेय. सायन्सची डिग्री लागत नाही, थोडा धीर लागतो बस.

पहिलं काम म्हणजे पेपर शोधणं. बातमीत जर्नलचं, म्हणजे असे पेपर छापणाऱ्या नियतकालिकाचं, नाव किंवा निदान संशोधकाचं नाव असतंच, नसेल तर तिथेच सावध व्हा. वैद्यकीय असेल तर पबमेड या पेपर शोधायच्या मोफत वेबसाइटवर नाव टाका, बाकी विषयांसाठी गुगल स्कॉलर. पेपरला डीओआय नावाचा एक नंबर असतो, तो मिळाला की काम सोपं, कारण वेबसाइट बदलली तरी तो नंबर बदलत नाही. पैसे मागितले तर घाबरू नका, अनपेवॉल नावाचं ब्राउझर एक्स्टेंशन फुकट आहे, ते कायदेशीर मोफत कॉपी कुठे असेल तर शोधून देतं, आणि अॅब्स्ट्रॅक्ट म्हणजे सुरुवातीचा सारांश तर बहुतेक वेळा फुकट वाचता येतोच. आणि हो, चॅटबॉटने पेपरचं नाव दिलं असेल तर डीओआय उघडून बघाच, कारण ते कधीकधी अस्तित्वातच नसलेले पेपर अगदी खरे वाटतील असे सांगतात.

मग बघायचं की हा छापून आलेला पेपर आहे का प्रीप्रिंट. प्रीप्रिंट म्हणजे दुसऱ्या तज्ज्ञांनी तपासायच्या आधीच लोकांसमोर ठेवलेला मसुदा. फिजिक्सवाल्यांचं अर्काइव्ह 1991 पासून आहे, बायोलॉजीचं बायोआर्काइव्ह 2013 पासून आणि मेडिकलचं मेडआर्काइव्ह 2019 पासून. प्रीप्रिंट म्हणजे वाईट असं अजिबात नाही. जून 2020 मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी ट्रायलने डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त स्टेरॉइड कोविडच्या गंभीर पेशंटना वाचवतं असं सांगितलं, त्याचा पेपरही जर्नलमध्ये छापून यायच्या आधी प्रीप्रिंट म्हणूनच आला होता, आणि त्या निकालावर जगभर उपचार बदलले. पण दुसरी बाजूही बघा. जुलै 2023 मध्ये दक्षिण कोरियाच्या एका टीमने एलके-99 नावाचा पदार्थ साध्या तापमानाला, साध्या दाबाला सुपरकंडक्टर (विजेला अजिबात अडथळा न करणारा) आहे असे प्रीप्रिंट टाकले, चुंबकावर अर्धवट तरंगणाऱ्या तुकड्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला, आणि मग जगभरच्या लॅब्जनी तो पदार्थ स्वतः बनवून बघितला. काही आठवड्यांतच कळलं की त्यात कॉपर सल्फाइडची भेसळ राहिली होती, आणि कॉपर सल्फाइडचा स्वतःचाच रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, 104 अंश सेल्सिअसच्या आसपास एकदम पडतो, म्हणून तो सुपरकंडक्टरसारखा भासला. जर्मनीत शुद्ध क्रिस्टल बनवले तर ते चक्क इन्सुलेटर, म्हणजे वीज वाहूच न देणारे, निघाले. म्हणून प्रीप्रिंट दिसला की मी एकच विचारते, दुसऱ्या कोणी करून बघितलंय का? डेक्सामेथासोनच्या वेळी ट्रायलच हजारो पेशंटची होती, एलके-99 च्या वेळी एकाच लॅबचे नमुने होते, फरक तिथे आहे.

त्यानंतर, प्रयोग कोणावर झाला. पेशींवर, उंदरांवर, का माणसांवर? हे बऱ्याचदा शीर्षकात नसतं आणि अॅब्स्ट्रॅक्टच्या मधल्या ओळीत सापडतं. यात चूक फक्त पत्रकारांची असते असंही नाही. 2014 मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, त्यात ब्रिटिश विद्यापीठांच्या 462 प्रेस नोट्स मूळ पेपरशी ताडून बघितल्या, तर 36 टक्क्यांत प्राण्यांवरच्या कामाचा अर्थ माणसांपर्यंत ताणलेला होता आणि 33 टक्क्यांत नुसत्या संबंधाला "यामुळे ते होतं" असं म्हटलेलं होतं. म्हणजे फुगवणं बऱ्याचदा विद्यापीठातूनच सुरू होतं. प्रेस नोट वाचली म्हणजे पेपर वाचला असं धरू नका.

माणसांवर असेल तर पुढचा प्रश्न, आणि हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: संशोधकांनी नुसतं निरीक्षण केलं, का चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून एकाला औषध आणि एकाला प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली पण तशीच दिसणारी गोळी, दिली? निरीक्षणात काय होतं की जी माणसं अमुक गोळी घेतात ती मुळातच वेगळी असतात, जास्त व्यायाम करणारी, डॉक्टरकडे वेळेवर जाणारी, बऱ्या परिस्थितीतली, आणि मग फायदा गोळीचा का त्या सवयींचा ते सुटं करता येत नाही. गाजरासारख्या भाज्यांत असणाऱ्या बीटा कॅरोटीनचंच घ्या, ज्यांच्या आहारात किंवा रक्तात ते जास्त त्यांना फुफ्फुसाचा कॅन्सर कमी असं निरीक्षणात दिसत होतं, म्हणून फिनलंडमध्ये 29,133 सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांवर ट्रायल केली, 1994 मध्ये निकाल आला आणि बीटा कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुफ्फुसाचा कॅन्सर 18 टक्के जास्त निघाला. कमी नाही, जास्त! पेपरमध्ये रँडमाइज्ड, म्हणजे असे चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले, हा शब्द शोधा. तो नसेल आणि बातमीत "यामुळे" असेल तर ते "यामुळे" मनातल्या मनात खोडा.

आता टक्के. इथे थोडं थांबून सांगते कारण लोक सगळ्यात जास्त घाबरतात किंवा भुलतात ते इथेच. 2002 मध्ये अमेरिकेत पाळी गेलेल्या 16,608 बायकांवरची हार्मोन गोळ्यांची मोठी ट्रायल मध्येच थांबवली, आणि बातमी झाली की ब्रेस्ट कॅन्सरचा धोका 26 टक्क्यांनी वाढतो. ऐकून कोणालाही वाटेल की शंभरातल्या सव्वीस जणींना होणार. प्रत्यक्षात वर्षाला दर 10,000 बायकांमागे प्लासिबो गटात 30 जणींना झाला होता आणि गोळ्यांच्या गटात 38 जणींना. म्हणजे दहा हजारांत आठ जास्त. हे आठ काही खोटे नाहीत, ज्या आठ जणींना झाला त्यांच्यासाठी तर तो पूर्णच आहे, पण निर्णय घ्यायला 26 टक्के हा आकडा एकटा पुरत नाही. 30 वरून 38 हा आकडा पुरतो. म्हणून कुठेही टक्के दिसले की पेपरमधलं टेबल उघडा आणि दोन गटांचे सरळ आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा, किती जणांत किती. डेक्सामेथासोनचं असंच लिहून बघा, व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये नेहमीच्या उपचारांवर 28 दिवसांत 41.4 टक्के दगावले आणि औषध दिलेल्यांत 29.3 टक्के, म्हणजे शंभरात बारा जणं जास्त वाचली. हा फरक टेबल बघताक्षणी डोळ्यात भरतो, आणि असे आकडे संशोधनात फार क्वचित दिसतात.

पी व्हॅल्यूबद्दल थोडक्यात. हा पेपरमधला एक आकडा, तो पुरेसा लहान असला की निकालाला "सिग्निफिकंट" म्हणतात. "सिग्निफिकंट" म्हणजे मोठा फरक असं नाही, फक्त इतकंच की औषधाने काहीच होत नसतं तर एवढा फरक निव्वळ योगायोगाने दिसणं अवघड होतं. अल्झायमरवरच्या लेकानेमॅबची 1,795 जणांची ट्रायल 2022 मध्ये छापून आली, निकाल सिग्निफिकंट होता, पण 18 महिन्यांनंतर दोन गटांतला फरक आजार किती वाढला ते मोजणाऱ्या 18 गुणांच्या मापावर 0.45 होता. आणि औषधाच्या गटात 12.6 टक्के जणांना स्कॅनवर मेंदूला सूज दिसली, प्लासिबोमध्ये 1.7 टक्के. घरात अल्झायमरचा पेशंट असलेल्यांनी हे दोन्ही आकडे डॉक्टरांसमोर ठेवून बोलावं, फक्त "औषध आलं" एवढ्यावर नको.

आणि मोजलं नक्की काय, तेही बघा. हार्ट अटॅकनंतर ठोके अनियमित झाले की मृत्यूचा धोका वाढतो, मग ठोके नियमित करणारी गोळी दिली की माणूस जगणार, किती सरळ वाटतं ना? 1980 च्या दशकाच्या शेवटी कास्ट नावाच्या ट्रायलमध्ये एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड दिलं, ठोके सुधारले, आणि औषध दिलेल्या 755 जणांत 63 मृत्यू झाले, प्लासिबोच्या 743 जणांत 26. ईसीजी सुधारला आणि माणसं गेली. म्हणून पेपरमध्ये मुख्य निष्कर्ष रक्ताच्या एखाद्या रिपोर्टवर किंवा स्कॅनवर असेल, तर माणूस जास्त जगला का, त्याला बरं वाटलं का, हे वेगळं मोजलंय का ते शोधायचं. ट्रायल सुरू व्हायच्या आधी काय मोजणार म्हणून लिहून दिलं होतं ते क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह या ट्रायल्सची नोंद असलेल्या वेबसाइटवर बघता येतं, आणि पेपरमध्ये मुख्य मोजमाप वेगळंच दिसलं तर मी तो पेपर बाजूला ठेवते.

फिजिक्समध्येही हेच. 5 डिसेंबर 2022 ला अमेरिकेतल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीमध्ये लेझरने 2.05 मेगाज्यूल ऊर्जा टाकून फ्यूजनमधून, म्हणजे अणूंची केंद्रकं एकमेकांत मिसळून, 3.15 मेगाज्यूल मिळाली. खरंच ऐतिहासिक, मला तर ते वाचताना भरून आलं होतं. पण 2.05 ही फक्त लक्ष्यावर पडलेली ऊर्जा, ते लेझर चालवायला विजेच्या लाइनमधून साधारण 300 मेगाज्यूल लागले. "टाकली त्यापेक्षा जास्त मिळाली" हे खरं आहे, फक्त मोजपट्टी कुठून कुठपर्यंत धरली ते बघायचं.

फिजिक्स आणि खगोलशास्त्रात पी व्हॅल्यूच्या जागी सिग्मा असतो, तो जितका मोठा तितकी योगायोगाची शक्यता कमी. 4 जुलै 2012 ला हिग्ज बोसॉन हा कण सापडल्याचं जाहीर केलं तो 5 सिग्माला, म्हणजे कण नसताना नुसत्या योगायोगाने तसं दिसायची शक्यता साधारण 35 लाखांत एक. 3 सिग्मा म्हणजे इशारा, शोध नाही. डिसेंबर 2015 मध्ये सर्न या युरोपातल्या कणांच्या प्रयोगशाळेच्या डेटात 750 जीईव्ही (ऊर्जेचं एक माप) ला नव्या कणाचा वाटावा असा एक उंचवटा दिसला होता, त्यावर शेकडो पेपर लिहिले गेले, आणि ऑगस्ट 2016 मध्ये जास्त डेटा आला तेव्हा तो नाहीसा झाला. एप्रिल 2025 मध्ये 124 प्रकाशवर्षं लांबच्या के2-18बी ग्रहावर जीवसृष्टीची खूण असू शकेल असा वायू दिसल्याची बातमी आली ती 3 सिग्माची होती, आणि दुसऱ्या टीम्सनी तोच डेटा वेगळ्या पद्धतीने तपासला तर खूण तितकी पक्की राहिली नाही. आणि सिग्मा मोठा असला तरी यंत्र चुकू शकतं हे विसरू नका. 2011 मध्ये ऑपेरा प्रयोगात न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण 730 किलोमीटरच्या प्रवासात प्रकाशापेक्षा सुमारे 60 नॅनोसेकंद लवकर पोचले असं दिसलं, सिग्मा 6 होता, आणि त्यामागे मुख्य दोष निघाला नीट न बसलेल्या एका फायबर केबलचा. त्या टीमबद्दल मला आदरच आहे, त्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगितलं होतं की आमची चूक शोधून द्या.

शेवटचं, पेपर मागे घेतलाय का ते बघायचं. पबमेडवर असा पेपर उघडला की वर ठळक सूचना दिसते, आणि मागे घेतलेल्या पेपरांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचचा डेटाबेस सगळ्यांना खुला आहे. याला कधीकधी फार वेळ लागतो. फॉस्फरसऐवजी आर्सेनिक वापरणारा जिवाणू सापडल्याचा पेपर सायन्स जर्नलने डिसेंबर 2010 मध्ये छापला, 2012 मध्येच दोन टीम्सनी तो दावा टिकत नाही असं दाखवलं, आणि पेपर मागे घेतला गेला जुलै 2025 मध्ये. मधली सगळी वर्षं त्यावर मागे घेतल्याची सूचना नव्हती. त्यामुळे मी गुगल स्कॉलरमध्ये पेपरखाली "साइटेड बाय" वर क्लिक करते, नंतरच्या लोकांनी त्याबद्दल काय लिहिलंय ते दोन-तीन पेपरच्या अॅब्स्ट्रॅक्टमधून कळतं. बातमी अगदी ताजी असेल तर तिथे काहीच नसतं, मग तिथेच अलर्ट लावून ठेवायचा, कोणी त्या पेपरचा उल्लेख केला की ईमेल येतो. त्या कॅन्सरच्या उंदरांच्या पेपरवर माझा अलर्ट अजून चालू आहे, माणसांवरची पहिली ट्रायल सुरू झाल्याचं कळलं की घरी सगळ्यात आधी मीच सांगणार आहे.