दातांचं मोठं काम निघालंय? पैसे भरायच्या आधी एवढं करा

आईच्या दातांचं काम निघालं तेव्हा ठाण्यातल्या एका दवाखान्यात आम्हाला कागदावर फक्त एक आकडा लिहून मिळाला, १ लाख ४० हजार, आणि वर "आज ॲडव्हान्स भरला तर १० टक्के कमी". आई म्हणाली राहू दे, या वयात मला कुठे उसाचं कांडं सोलायचंय.

पहिलं काम, एकगठ्ठा आकडा घेऊच नका, दातागणिक एस्टिमेट लिहून मागा. डॉक्टर लोक दाताला नंबर देतात, ४६ म्हणजे उजवीकडची खालची पहिली मोठी दाढ, ३६ म्हणजे तीच डावीकडची. मग प्रत्येक नंबरपुढे नक्की काय काय धरलंय ते विचारा, कारण रूट कॅनालच्या रेटमध्ये कॅप बहुतेक वेळा नसतेच. कॅप मेटलची, मेटल-सिरॅमिकची की झिरकोनियाची यावर पैसे कितीतरी बदलतात, आणि आतल्या दाढेला जी दिसतच नाही तिला महागातली कशाला असं बिनधास्त विचारायचं. इम्प्लांट म्हणजे हाडात पक्का बसवलेला नकली दात, त्यात तर हाडातला स्क्रू, त्यावर कॅप धरणारा जोड म्हणजे अबटमेंट आणि कॅप अशा तीन गोष्टी असतात, जाहिरातीतला रेट कधी कधी नुसत्या स्क्रूचा निघतो, हाड कमी असेल तर ग्राफ्ट म्हणजे हाडाची भर घालणं वेगळं, जबड्याचा थ्रीडी सीबीसीटी स्कॅन वेगळा.

यादी हातात आली की आज काय आणि नंतर काय ते डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. सूज, पू, रात्रीचा ठणका याला थांबायचं नाही. छोटी कीडसुद्धा लवकर भरून घ्या, आज फिलिंगमध्ये भागतं तेच पुढे रूट कॅनाल होऊन बसतं. रूट कॅनाल केलेली दाढ कॅपशिवाय महिनोन्महिने ठेवू नका, चावताना तडकली तर काढावीही लागू शकते आणि आधीचे पैसे पाण्यात. पडलेल्या दाताची जागा भरायला काही महिने थांबता येतं, वर्षानुवर्षं नाही, बाजूचे दात कलतात, वर किंवा खाली त्या जागेसमोर येणारा दात लांबतो, हाड झिजतं. पांढरे करणं वगैरे अगदी शेवटी. आईच्या यादीतल्या सहा कामांपैकी तातडीची दोनच होती!

सेकंड ओपिनियन घ्याच, पण ओपीजी म्हणजे सगळ्या दातांच्या एकत्र एक्स-रेची फाइल मागून घ्या, नाहीतर दुसरीकडे परत काढायला लावतात. आणि तिथे एकच प्रश्न, इम्प्लांट नको असेल तर काय? बाजूच्या दातांच्या आधाराने ब्रिज बसतो पण त्यासाठी ते धड दात कोरून बारीक करावे लागतात, काढता-घालता येणारी कवळी सगळ्यात स्वस्त, सवय व्हायला मात्र वेळ लागतो.

खरा पैसा वाचतो डेंटल कॉलेजमध्ये. नेरूळला डी. वाय. पाटील आणि तेरणा आहे, कामोठ्याला एमजीएम, ठाण्याहून नेरूळची ट्रान्स हार्बर पकडली की झालं. मुंबईत जायची तयारी असेल तर मुंबई सेंट्रलचं महापालिकेचं नायर डेंटल आणि सीएसएमटीजवळचं सरकारी डेंटल कॉलेज. काम विद्यार्थी करतात म्हणून घाबरू नका, सर-मॅडम येऊन बघून जातात, अवघड केस असेल तर एमडीएस म्हणजे पुढचं स्पेशलायझेशन करणाऱ्या मुलांकडे देता का ते विचारा. किंमत मोजायची ती वेळेची, सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढा, एका दाढेसाठी तीन-चार फेऱ्या धरा, आणि म्हातारं माणूस असेल तर रजेचा हिशोबही यात मांडा, नाहीतर स्वस्तातलं महाग पडतं.

मेडिक्लेमवर फार भरवसा नको, ॲक्सिडेंट होऊन ॲडमिट झाल्याशिवाय दातांचं सहसा देत नाहीत. पण कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत ओपीडी (ॲडमिट न होता घेतलेले उपचार) किंवा डेंटलची लिमिट आहे का ते एचआरला विचाराच. इम्प्लांटचा स्क्रू हाडात पक्का व्हायला साधारण तीन ते सहा महिने लागतात, म्हणजे रिन्यूअलच्या आधी स्क्रू आणि नंतर कॅप असं केलं तर दोन वर्षांची लिमिट वापरता येते. आईवडील साठीच्या पुढचे आणि त्यांची पॉलिसी नसेल तर जुन्या टॅक्स पद्धतीत त्यांच्या उपचाराच्या खर्चावर वर्षाला ५० हजारांपर्यंत वजावट मिळते, फक्त पैसे रोख देऊ नका आणि पक्कं बिल घ्या.

ईएमआय घ्यायचाच तर आधी एकरकमी रेट विचारा आणि मग ईएमआयचा विषय काढा, नो-कॉस्ट म्हणतात तेव्हा बरेचदा डिस्काउंट गायब झालेला असतो. कार्डच्या ईएमआयला प्रोसेसिंग फी आणि व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो ते वेगळंच. पैसे एकदम देऊ नका, जेवढं काम झालं तेवढे द्या.

शुगर असेल तर इम्प्लांटच्या आधी एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट, करून घ्या, शुगर हाताबाहेर असताना बसवलेला स्क्रू न धरण्याचा धोका वाढतो.

आणि इम्प्लांटच्या डबीवर कंपनी आणि लॉट नंबरचा स्टिकर असतो, तो मागून फाइलला चिकटवा, उद्या दवाखाना बंद झाला किंवा तुम्ही डोंबिवलीला राहायला गेलात तर तिथल्या डॉक्टरला कुठला स्क्रू आहे ते कळल्याशिवाय हात लावणं अवघड जातं.