गावाकडच्या व्यवसायाची वेबसाइट बनवताना: नव्याने या कामात येणाऱ्यांसाठी

वेबसाइट बनवण्याचा कोर्स करून गावी परतलेल्या आणि आपल्याच तालुक्यात काम मिळवू पाहणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितो आहे. माझं बहुतेक काम अमरावती जिल्ह्यातल्या वरुड-मोर्शी भागातलं आहे: संत्र्याच्या नर्सऱ्या, कृषी केंद्रं, एखादी जिनिंग, दालमिल. कामाला इथे तोटा नाही. पण शहरातला तयार नमुना उचलून इथल्या धंद्याला चिकटवला की गिऱ्हाईक अडतं, आणि कुठे अडतं ते कोर्समध्ये कुणी शिकवत नाही.

शेंदूरजनाघाटच्या नर्सऱ्यांचंच घ्या. पाऊस लागला की कलमांना मागणी सुरू होते, बाहेरच्या जिल्ह्यांतूनही चौकशी येते. विचारणाऱ्याला चारच गोष्टी हव्या असतात: कलम कोणत्या खुंटावर, म्हणजे मुळाकडच्या कोणत्या रोपावर, बांधलंय (जंबेरी की रंगपूर लाइम), नर्सरीला परवाना आहे का, भाव काय, आणि गाडी आतपर्यंत येते का. साइट उघडली की मात्र वर सरकते फोटो, मग ‘आपले सहर्ष स्वागत’, मग संचालकांचं मनोगत. फोन नंबर पार तळाशी, तोही बॅनरच्या चित्रात लिहिलेला. त्यावर बोट ठेवलं तरी कॉल लागत नाही.

म्हणून काम घेतलं की मी आधी मालकाच्या शेजारी बसतो आणि येणारे फोन ऐकतो. “भाऊ, कोन्त्या खुंटावरचं कलम हाये?” हा प्रश्न सारखा येत असेल तर त्याचं उत्तर पहिल्या स्क्रीनवर गेलं पाहिजे, आणि त्याच्या खालीच कॉलचं आणि व्हॉट्सअॅपचं बटण. सरकत्या फोटोंचा आग्रह मालक धरतातच. तिथे नम्रपणे पण ठाम राहा. दुसऱ्या-तिसऱ्या फोटोपर्यंत फारसं कुणी थांबत नाही आणि पान मात्र जड होतं.

जडपणाचा प्रश्न आपल्याकडे जास्त जाचतो, कारण वावरात रेंज कधी असते, कधी नसते. मोबाइलवर काढलेला एकेक फोटो चार-पाच एमबीचा असतो, आणि नवशिके तो तसाच चढवतात. आकार कमी करून, वेबपी या हलक्या फोटो-फॉरमॅटमध्ये बदलून तो दोनशे केबीच्या आत सहज बसतो. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, असं गूगलचं माप आहे. ते ऑफिसच्या वायफायवर तपासू नका; साधा फोन घ्या आणि गावाबाहेर जाऊन उघडून बघा. शोधात दाखवतानाही गूगल आता साइटची मोबाइलवरची आवृत्तीच धरून चालतं, म्हणून डिझाइनही मोबाइलपासून सुरू करा.

आता मराठीबद्दल. माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. मालक पत्रकाची जी फाइल देतात ती बहुधा डीटीपीवाल्याने कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या, छपाईच्या फॉन्टमध्ये केलेली असते. ती साइटवर चिकटवली की अगम्य चिन्हं उमटतात, मग वैतागून पत्रकाचा फोटोच टाकला जातो. फोटोतली अक्षरं मोबाइलवर वाचता येत नाहीत आणि शोधणाऱ्याला सापडतीलच याचीही खात्री नसते. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर मराठी नीट दिसते त्या पद्धतीत, बदला, आणि बदलल्यावर ओळ न ओळ वाचा. रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात.

पुढची अडचण इंग्रजीसाठी बनलेल्या टेम्प्लेटची. त्यात मथळ्याच्या अक्षरांमध्ये अंतर सोडलेलं असतं. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते आणि ‘संत्रा कलमे’ हे शब्द तुकड्यातुकड्यांत दिसतात. ते अंतर शून्य करा. ओळींमधली जागाही तिथे कमी असते, त्यामुळे वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांत घुसतात. अक्षराच्या दीडपटीहून थोडी जास्त उंची ठेवली की वाचताना डोळ्यांना त्रास होत नाही. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट मोफत आहेत आणि चांगले आहेत. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी असल्याचं नोंदवायला विसरू नका. नाहीतर काही फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. एवढ्यानेही वाचणाऱ्याला पान परकं वाटतं.

रंगांचं थोडक्यात. पांढऱ्यावर फिकट राखाडी किंवा नारिंगी अक्षरं लॅपटॉपवर देखणी दिसतात, पण मे महिन्याच्या उन्हात बांधावर उभ्या माणसाला दिसत नाहीत. डब्ल्यूसीएजी या, वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या नियमावलीत साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातल्या फरकाचं (कॉन्ट्रास्टचं) किमान प्रमाण ४.५:१ दिलं आहे. ते तपासणारी साधनं फुकट मिळतात. नारिंगी रंग पट्टीला वापरा, अक्षरं काळीच ठेवा.

लांबलचक चौकशी फॉर्म काढून टाका, लोक फोनच करतात. नकाशावरची खूण गावाच्या नावावर सोडू नका, कारण एकाच नावाची गावं बरीच आहेत; फाटकाशी उभं राहून ती स्वतः लावा आणि जवळचा फाटा शब्दांतही लिहा.

भाव टाकायचा तर तारखेसकट टाका, आणि तो मालकाला किंवा त्यांच्या घरातल्या कुणाला तरी मोबाइलवरून बदलता आला पाहिजे. मी साइट सोपवताना त्यांच्याच हातून एकदा भाव बदलून घेतो. डोमेनही मालकाच्या नावावर, त्यांच्याच ईमेलवर घ्यायचं, आणि नूतनीकरणाची तारीख त्यांच्या दुकानातल्या कॅलेंडरवर लिहून द्यायची.