ऊसतोडीच्या गाड्या हलण्याआधी: मुलं गावच्या शाळेत टिकवण्यासाठी

दसऱ्यानंतर बीड, अहिल्यानगरकडच्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीच्या गाड्या हलतात, आईबापांसोबत मुलंही जातात आणि शाळेचा पट ढासळतो. शाळा व्यवस्थापन समितीने चालवायचं हंगामी वसतिगृह, म्हणजे आईबाप तोडीवर असेपर्यंत मुलांची गावातच सोय, हा त्यावरचा उपाय. मात्र मंजुरी गाड्या भरण्याआधी हवी, म्हणून ऑगस्टअखेरीस कामाला लागा. उचल, म्हणजे मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून मजुरीची आगाऊ रक्कम, बहुतेकांनी तोवर घेतलेली असते. ‘जाऊ नका’ म्हणून उपयोग नाही. मूल कुणाजवळ राहील, एवढंच विचारा.

यादीसाठी संध्याकाळी घरोघर जा. प्रत्येक मुलापुढे इयत्ता, कारखाना, मुकादमाचं नाव, निघण्याचा दिवस आणि मागे राहणारं माणूस लिहा. हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, कारण बऱ्याच ठिकाणी मुलं शाळेत जेवतात आणि झोपायला आजीकडे जातात. आजीच अंथरुणाला खिळलेली असेल तर नाव यादीत राहतं आणि मूल उसाच्या फडावर जातं. अंगणवाडीतली भावंडंही नोंदवा. धाकट्याला सांभाळायला कुणी नसलं की चौथी-पाचवीतल्या बहिणीलाच फडाजवळच्या कोपीवर (खोपटावर) नेतात. तिची शाळा वाचवायची तर आधी त्या धाकट्याची सोय लावा.

मग समितीची बैठक घ्या. शिक्षण हक्क कायदा, 2009 प्रमाणे समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला लागतात. अध्यक्षच तोडीला जाणारे असतील तर खर्चाच्या सह्या अडकतात. हे आधीच बोलून घ्या. ठरावात ‘काही मुले’ असं मोघम नको. ‘पहिली ते पाचवी 20, सहावी ते आठवी 10, पैकी मुली 14’ असा आकडा हवा. प्रस्ताव गटशिक्षणाधिकारी कार्यालयात देताना आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ‘प्रस्ताव आलाच नाही’ या उत्तराला दुसरं उत्तर नाही.

मंजुरी लांबली तरी शाळेच्या दिवशी दुपारचा पोषण आहार चालू असतो. प्रश्न रात्रीचा आणि रविवारचा. पोषण आहाराचं माप पाचवीपर्यंत 100 ग्रॅम आणि पुढे 150 ग्रॅम धान्य, म्हणजे वरच्या 30 मुलांना एका वेळेला साडेतीन किलो, महिनाभराच्या रात्रींना 105 किलो. ग्रामपंचायतीकडे, गावातल्या बागायतदारांकडे हाच आकडा घेऊन जा. नुसती ‘मदत करा’ म्हटलं की लोक माना डोलावतात. एक क्विंटल तांदूळ मागितला की कोण किती देणार ते जागेवर ठरतं.

जी मुलं जाणारच, त्यांना मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी कार्ड, म्हणजे दुसऱ्या गावच्या शाळेत दाखवायचं कार्ड, मिळवून द्या. सोबत शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 5 आणि 14 ची झेरॉक्स टाचा: दाखल्याला उशीर झाला किंवा वयाचा पुरावा नसला, तरी कारखान्याजवळच्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. परतल्यावर पटावर नाव आहे का ते स्वतः पाहा. कमी केलं असेल तर कलम 4 दाखवून वयानुरूप वर्गात प्रवेश आणि बुडालेल्या अभ्यासासाठी विशेष प्रशिक्षण, दोन्ही लेखी मागा.