आधी गोम्पा, मग खिंड : मारखा खोऱ्याच्या ट्रेकमधल्या या चुका टाळा

लडाखचा आठ-दहा दिवसांचा बेत आखताना बहुतेक जण एकच क्रम लावतात. आधी मारखा खोऱ्याचा ट्रेक उरकायचा आणि मग उरलेल्या दिवसांत निवांत गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, बघायचे. हा क्रम उलटा आहे. तिथे उंचावर होणाऱ्या बहुतेक दुखण्यांचं मूळ त्यातच असतं.

लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे आणि आपलं कळसूबाई १,६४६ मीटरवर. मुंबईहून पहाटे निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला कळसूबाईच्या दुपटीहून जास्त उंचीवर बसलेला असतो. सह्याद्रीत कमावलेला दम तिथे पायांच्या कामी येतो, पण विरळ हवेची सवय त्याने लवकर होत नाही. त्या सवयीला प्रत्येकाला दिवसच द्यावे लागतात. उलट तब्येतीने खणखणीत माणूस पहिल्याच दिवशी जिने धावत चढतो आणि रात्री डोकं धरून बसतो.

म्हणून गोम्पांचे दिवस ट्रेकच्या आधी हवेत. पहिला दिवस पूर्ण आराम, भरपूर पाणी आणि गरम थुक्पा, म्हणजे नूडल्सचं सूप. दुसऱ्या दिवशी लेहचा बाजार आणि राजवाडा, तोही सावकाश. तिसऱ्या दिवशी शे आणि ठिकसे हे गोम्पा. ठिकसेच्या पायऱ्या चढताना किती थांबावं लागतं ते बघा, तब्येतीचा खरा अंदाज तिथे येतो. चौथ्या दिवशी लिकीर आणि अल्ची. अल्ची लेहपेक्षा खाली, ३,१०० मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे तिथे झोप छान लागते. पाचव्या दिवशी निमूपर्यंत मागे येऊन झंस्कार नदीच्या काठाने चिलिंग गाठायचं, तिथून ट्रेक सुरू. हेमिसचा गोम्पा शेवटासाठी राखून ठेवा. ट्रेक संपवून लेहला परतताना ते जवळच पडतं.

दुसऱ्याच दिवशी ५,३५९ मीटरच्या खारदुंग-ला खिंडीत फोटो काढायला जाणं हा शुद्ध अट्टहास आहे.

आता ट्रेकमधली सगळ्यात महागात पडणारी चूक : हंकार गावाहून थेट निमालिंगच्या मुक्कामाला जाणं. हंकार सुमारे ४,००० मीटरवर आणि निमालिंग ४,८०० च्या आसपास. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा साधा नियम आहे. इथे तो सरळ मोडतो, आणि अनेक छापील वेळापत्रकांतही तो मोडलेलाच असतो.

मोसमात या वाटेवर वारंवार दिसणारं चित्र असं : एक दिवस वाचवायचा म्हणून गट दुपारी निमालिंगला पोचतो. कांग यात्सेचं शिखर समोर उभं असतं, सगळे खुशीत असतात. संध्याकाळी एकाला जेवण नको होतं. डोकं ठणकतंय हे तो सांगत नाही, कारण गटाचा खोळंबा होईल. रात्री उलटी होते. सकाळी बुटाची नाडी बांधताना त्याची बोटं चाचपडतात आणि उभा राहिल्यावर तोल जातो. पुढे कोंगमारू-ला खिंड, सुमारे ५,२०० मीटर. तिथून गेलं तर आणखी चढायचं, मागे फिरलं तर हंकारपर्यंत पायपीट. फोनला रेंज नाही, जवळपास मोटररस्ता नाही, रुग्णवाहिका म्हणजे घोडा.

यावर साधा उपाय आहे. हंकार आणि निमालिंगच्या मध्ये थाचुंगत्सेला एक मुक्काम करा. दोन-तीन तासांचीच चाल होते, उरलेला दिवस रिकामा जातो, आणि तो तसाच जायला हवा. रोज संध्याकाळी प्रत्येकाला सरळ रेषेत टाचेला चवडा लावून दहा पावलं चालायला लावा. जो डगमगला त्याला ताबडतोब खाली न्यायचं. उजाडायची वाट बघायची नाही, एकट्याला पाठवायचं नाही. बसल्या जागी धाप लागत असेल किंवा छातीत खरखर ऐकू येत असेल, तरीही हेच. विरळ हवेच्या त्रासावरची डायमॉक्स ही गोळी साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून घेतात. डॉक्टरांना विचारूनच घ्या, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आवर्जून सांगा. गोळी घेतली म्हणून मुक्काम गाळता येत नाही. आणि गाइड ‘आज इथेच थांबू’ म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नका.

दुसरी जिव्हारी लागणारी चूक म्हणजे गोम्पात केलेली घाई. अल्चीच्या सुमत्सेक या तीन मजली देवळात मातीच्या तीन भव्य मूर्ती आहेत, इतक्या उंच की डोकी वरच्या मजल्यात जातात. त्यांची धोतरं जवळून बघा. अवलोकितेश्वराच्या धोतरावर देवळं आणि राजवाडे, मैत्रेयाच्या धोतरावर बुद्धाचं चरित्र, मंजुश्रीच्या धोतरावर सिद्धपुरुष, सगळं बोटभर आकाराच्या चित्रांत. पाच मिनिटांत बाहेर पडणाऱ्याला त्यातलं काहीच दिसत नाही. आत अंधार असतो, डोळे सरावेपर्यंत थांबा. फोटो काढायला मनाई आहे. भिंतींना हात किंवा सॅक लागू देऊ नका, हा रंग मातीच्या गिलाव्यावर शेकडो वर्षं टिकून आहे. लामांच्या बैठकीवर बसू नका, मूर्तीकडे पाय करू नका. मणीभिंत (मंत्र कोरलेल्या दगडांची भिंत) आणि छोर्तेन (स्तूप) नेहमी आपल्या उजव्या हाताला राहील असं चाला, वाट थोडी लांबली तरी. कोरलेला मणी दगड आठवण म्हणून उचलणं ही चोरी आहे.

होमस्टेच्या कोरड्या संडासात पाणी ओतू नका. वापरानंतर फावडंभर माती टाका, त्याचं पुढे शेतासाठी खत होतं.

ओढे सकाळी ओलांडा. दुपारी वरचा बर्फ वितळून तेच पाणी गुडघ्यावरून मांडीपर्यंत चढतं. चपला घालून उतरा, सॅकचा कमरेचा पट्टा आधी सोडा.

जीन्स नको. नवे बूट नकोत. ऑगस्टमध्येही निमालिंगच्या रात्री पाणी गोठू शकतं, तेव्हा उबदार स्लीपिंग बॅग हवीच.

बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड घ्या. खोऱ्यात एटीएम नाही. होमस्टे आणि घोडेवाल्यांसाठी सुट्टे पैसे लेहमधूनच न्या.

परतीच्या विमानाआधी लेहमध्ये एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा. हवा बिघडली की सकाळची विमानं रद्द होतात, आणि त्या दिवशी दुसरं तिकीट मिळणं कठीण असतं.